संकेतस्थळाचे बिऱ्हाड आणि त्याचा पत्ता

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, “माहितीपुस्तिकेचे संकेतस्थळ कोठे ठेवावे आणि कसे हलवावे, यावर बोलतो.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बरं. पण लोक बसतील ना?” आपण बसला आहात, तेव्हा त्यांच्या शंकेचे निम्मे उत्तर मिळाले, उरलेले निम्मे माझ्याकडे लागले. विषय कोरडा आहे खरा. परंतु त्यापायी एका बाईंचे काम ऐन वेळी कसे अडले ते आधी सांगतो, म्हणजे मी हाच विषय का घेतला ते आपल्या ध्यानी येईल.

आम्ही चौघा मित्रांनी मिळून लहान ग्रंथालयांसाठी पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा एक संगणकाचा कार्यक्रम तयार केला होता. ‘क’ आणि ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयांना महागडी व्यवस्था परवडत नाही, म्हणून तो फुकट दिला. कार्यक्रम दिला म्हणजे तो वापरावा कसा हेही सांगावे लागते. सभासद कसा नोंदवावा, हरवलेले पुस्तक खात्यातून कसे काढावे, वर्षअखेरचे तक्ते कसे छापावेत, अशी सुमारे दीडशे पानांची पुस्तिका झाली. ती छापण्याइतके पैसे नव्हते. म्हणून एका फुकट जागा देणाऱ्या कंपनीकडे संकेतस्थळ करून ठेवली. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या कंपनीने आपली फुकटची योजना बंद केली. तशी सूचना महिनाभर आधी आली होती. परंतु ज्या मित्राच्या नावावर खाते होते त्याच्या जुन्या ईमेलवर ती पडून राहिली. एके सकाळी स्थळ दिसेनासे झाले. आम्ही धावपळ करून दोन दिवसांत सगळी पाने दुसऱ्या कंपनीकडे उभी केली. एकही पान हरवले नाही, याचा आम्हांला अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावाहून ग्रंथपालबाईंचा फोन आला. “अहो सर, तुमचं पान गेलं कुठं? मला उद्या तक्ते द्यायचेत.” बाईंनी टेबलाशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. त्यावर आमच्या पुस्तिकेतल्या सात पानांचे पत्ते त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरून ठेवले होते. सातही पत्ते बंद पडले होते. पुस्तिका जशीच्या तशी शाबूत होती, पण बाई जुन्या दारावर थाप मारीत होत्या आणि आत कोणी नव्हते. त्या दिवशी मी तासभर फोनवरून एकेक पायरी वाचून दाखविली आणि त्यांनी तक्ते काढले.

आता हे स्थळ दोन दिवसांत हलविता आले ते का, आणि तरीही बाईंचे काम अडले ते का, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे.

संकेतस्थळांच्या ढोबळ मानाने दोन जाती असतात. एक खाणावळीसारखी. गिऱ्हाईक येऊन बसले की मग आत तवा तापतो. रेल्वेच्या तिकिटाचे स्थळ किंवा बँकेचे स्थळ या जातीचे होय. आपण कोण, खात्यात शिल्लक किती, गाडीत जागा किती, हे पाहून प्रत्येकाचे पान तेथल्या तेथे रांधले जाते. त्यासाठी मागे कोठीघर लागते, त्याला डेटाबेस म्हणतात; आणि आचारी लागतो, म्हणजे अहोरात्र चालणारा कार्यक्रम. दुसरी जात दिवाळीच्या फराळाच्या डब्यांसारखी. चकल्या-करंज्या आधीच करून ठेवलेल्या. पाहुणा आला की बशीत काढून द्यावयाच्या. या स्थळातली सगळी पाने आधीच तयार करून फाइलींच्या रूपाने ठेवलेली असतात, आणि जो जी मागेल त्याला ती जशीच्या तशी दिली जाते. याला स्थिर संकेतस्थळ म्हणतात. हरवलेले पुस्तक खात्यातून कसे काढावे याचे उत्तर रत्नागिरीत एक आणि नागपुरात दुसरे असे नसते. म्हणून माहितीपुस्तिका स्वभावतःच या दुसऱ्या जातीत बसते. खाणावळ हलवायची तर चूल, भांडी, कोठी, आचारी सगळेच हलवावे लागते. डबे मात्र रिक्षात घालून नेता येतात.

ही जात नवी नाही. जगातले पहिले संकेतस्थळच मुळी माहितीपुस्तिका होते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये ती बाहेरच्या जगाला कळविली. त्या पहिल्या स्थळावर होते काय? तर वेब म्हणजे काय आणि आपला स्वतःचा सर्व्हर कसा उभारावा, याची साधी पाने. याच गृहस्थांनी पुढे १९९८ साली एक छोटे टिपण लिहिले, आणि त्याचा सारा रोख असा की, एकदा दिलेला पत्ता बदलू नये. तो बदलतो तो तंत्रामुळे नव्हे, आपल्या बेपर्वाईमुळे. मौज अशी की, खुद्द त्या पहिल्या स्थळाची पानेही मध्यंतरी आपल्या मूळ पत्त्यावर मिळेनाशी झाली होती. २०१३ साली सर्नने ती शोधून त्याच जुन्या पत्त्यावर पुन्हा बसविली. आजही तेथे जाऊन ती पाहता येतात.

हे डबे भरतात कसे? पूर्वी एकेक पान हाताने बांधीत. आता लेखक साधा मजकूर लिहितो, मथळ्यापुढे एक खूण करतो, यादीपुढे दुसरी. या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. मग एक साचा-कार्यक्रम त्या सगळ्या मजकुराची सजविलेली, एकमेकांना जोडलेली पाने काढून देतो. असे कार्यक्रम पुष्कळ आहेत. जेकिल २००८ चा. स्फिंक्सही त्याच वर्षीचा. तो गेओर्ग ब्रांडल यांनी पायथन या संगणकभाषेच्या पुस्तिकेसाठी केला, आणि त्याची मजकूर लिहिण्याची खूण-पद्धत थोडी वेगळी आहे. ह्यूगो २०१३ चा, तर डॉक्युसॉरस फेसबुकने २०१७ मध्ये बाहेर काढला. कोणताही घ्या, शेवटी हाती पडते ते एक फोल्डर. पण या फोल्डरचे नाव प्रत्येकाचे वेगळे. डॉक्युसॉरस त्याला ‘बिल्ड’ म्हणतो, ह्यूगो ‘पब्लिक’ म्हणतो, एमकेडॉक्स ‘साइट’ म्हणतो. नव्या घरमालकाला हे नाव आणि डबा भरण्याची आज्ञा, या दोन गोष्टी बिनचूक सांगाव्या लागतात. नाव चुकले की सगळे सुरळीत झाल्याचा निरोप येतो आणि उघडून पाहावे तर स्थळ रिकामे.

घरे कोणकोणती, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. गिटहब पेजेस २००८ पासून आहे. जेथे आपण मूळ मजकूर ठेवतो तेथेच शेजारी तयार पाने मांडण्याची सोय. स्थळ एक गिगाबाइटच्या आत असावे आणि महिन्याला शंभर गिगाबाइटच्या आसपास वाहतूक असावी, अशी तेथली मर्यादा आहे. लहान पुस्तिकेला ती कधी टोचत नाही. नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर पेजेस यांच्याकडे आपण मजकुरात दुरुस्ती केली की पाने आपोआप नव्याने तयार होतात आणि त्यांच्या प्रती निरनिराळ्या शहरांतल्या केंद्रांवर ठेवल्या जातात; क्लाउडफ्लेअरचे असे केंद्र मुंबईतही आहे. रीड द डॉक्स हे २०१० पासून केवळ माहितीपुस्तिकांसाठी चाललेले घर. मुक्त प्रकल्पांना तेथे जागा फुकट, मात्र पानावर छोटी जाहिरात दिसते. जुन्या आणि नव्या आवृत्त्यांच्या पुस्तिका शेजारी शेजारी ठेवण्यात त्याचा हात धरणारे कोणी नाही. आणि शेवटी, भाड्याने घेतलेला स्वतःचा सर्व्हर. तेथे सगळी सत्ता आपली, आणि मध्यरात्री तो बंद पडला तर उठून पाहण्याची जबाबदारीही आपली. दीडशे पानांच्या पुस्तिकेसाठी मी तो मार्ग कोणाला सुचविणार नाही.

फाइली त्याच, मग एका घरी चाललेले स्थळ दुसऱ्या घरी का अडखळते? येथे खरी गंमत आहे, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पहिला घोळ वाड्याच्या दरवाज्याचा. स्थळातली पाने एकमेकांना वाटा सांगतात त्या बहुधा अशा : मुख्य दरवाज्यातून आत या, डाव्या हाताची तिसरी खोली. स्वतंत्र घर असेल तर हे ठीक. परंतु गिटहब पेजेसवर साध्या प्रकल्पाला जागा मिळते ती वाड्यातल्या एका खोलीची. पत्त्यात आधी मालकाचे नाव येते आणि मग तिरकी रेघ देऊन प्रकल्पाचे. आता पान म्हणते, मुख्य दरवाज्यातून रंगरूपाची फाइल आणा. आणि त्या दरवाज्यात ती नसते, ती असते आत, आपल्या खोलीत. मग पान उघडते ते बोडके. मजकूर आहे, पण रंग नाही, मांडणी नाही, चित्रे नाहीत. पाहणाऱ्याला वाटते स्थळ मोडले. उपाय एका ओळीचा आहे. डॉक्युसॉरसमध्ये ‘बेस यूआरएल’ नावाची नोंद असते, तीत आपल्या खोलीचे नाव लिहावयाचे. मात्र हेच स्थळ पुढे स्वतंत्र घरी नेले की ती नोंद पुन्हा पुसावी लागते, आणि ते हमखास विसरले जाते.

दुसरा घोळ याहून अजब. गिटहब पेजेस जुन्या वळणाने पाने मांडते तेव्हा जेकिलला मध्ये घेते, आणि जेकिलची रीत अशी की ज्या फोल्डरचे नाव खालच्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोरने सुरू होते ते घरगुती समजून बाहेर मांडावयाचे नाही. इकडे स्फिंक्सची रीत अशी की रंगरूपाच्या सगळ्या फाइली अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरात. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांच्या मध्ये पान पुन्हा बोडके. त्यावर तोड म्हणून ‘डॉट नोजेकिल’ या नावाची एक संपूर्ण रिकामी फाइल ठेवावी लागते. रिकाम्या फाइलीने एवढे काम केलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

तिसरा घोळ रोमन लिपीच्या मोठ्या-लहान अक्षरांचा. विंडोजच्या संगणकाला, आणि बहुधा मॅकलाही, फाइलीच्या नावातले मोठे ‘ए’ आणि लहान ‘ए’ सारखेच. संकेतस्थळे ज्या लिनक्स सर्व्हरांवर राहतात त्यांना ती दोन निरनिराळी नावे. म्हणून घरी दिसणारे चित्र बाहेर दिसत नाही. चौथा घोळ पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेचा. काही घरे ती स्वतःहून लावतात, काही काढून टाकतात, आणि पानातली वाट “येथून शेजारी” अशी लिहिलेली असेल तर त्या एका रेघेने शेजार बदलतो. डॉक्युसॉरसमध्ये यासाठी वेगळी नोंद आहे. ती कशीही ठेवा, पण एकदा ठरवून ठेवा.

आपल्या भाषेपुरते एक सांगून टाकतो. पानाच्या पत्त्यात देवनागरी चालते, आणि २०१४ पासून ‘डॉट भारत’ असे देवनागरी शेपूट असलेली नावेही मिळतात. हौस वाटते. परंतु असा पत्ता उचलून दुसरीकडे चिकटविला की पुष्कळदा त्याचे टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेले सांकेतिक रूप होते, आणि त्यात देवनागरीचा प्रत्येक घटक नऊ चिन्हे खातो. ‘पुस्तक’ या शब्दात काना-मात्रा-हलन्त धरून सहा घटक. म्हणजे तो एक शब्द चोपन्न चिन्हांचा झाला. भिंतीवरच्या कागदावर कोणी तो उतरून घेणार नाही. म्हणून मजकूर पूर्ण मराठी आणि पानांचे पत्ते रोमन, लहान अक्षरांत, आखूड, असे आम्ही ठरविले. मला ते फारसे रुचले नाही, पण सोयीचे ठरले आहे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. टपाल कचेरीत पत्ता बदलल्याचा अर्ज देता येतो आणि काही काळ पत्रे नव्या घरी येतात. संकेतस्थळालाही तशी सोय आहे. जुन्या पत्त्यावर कोणी आले की “ते येथून कायमचे अमुक ठिकाणी गेले” असा निरोप सर्व्हर देतो. या निरोपाचा ठरलेला आकडा ३०१. नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर पेजेस यांच्याकडे एका साध्या फाइलीत ओळीला एक याप्रमाणे जुना पत्ता आणि नवा पत्ता लिहिला की काम झाले. गिटहब पेजेसवर अशी फाइल चालत नाही. तेथे प्रत्येक जुन्या पत्त्यावर “तिकडे जा” असे सांगणारे छोटे पान ठेवावे लागते. गिटहबने स्वतः हे काम एकदा चोख केले होते. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सगळ्यांची पाने सुरक्षिततेसाठी ‘गिटहब डॉट कॉम’वरून ‘गिटहब डॉट आयओ’वर नेली आणि जुन्या पत्त्यांवर आलेल्यांना नव्या पत्त्यांकडे वळविले.

आम्हांला तसे का करता आले नाही? कारण तो जुना पत्ता आमचा नव्हताच. त्यात नाव होते कंपनीचे. आम्ही फक्त पोटभाडेकरू. कंपनीने दार लावले आणि अर्ज देण्याची खिडकीही बंद झाली. मोठ्या घरांचेही असे होते. १९९४ साली निघालेले जिओसिटीज याहूने १९९९ मध्ये विकत घेतले आणि अमेरिकेतले २००९ मध्ये बंद केले. २००६ मध्ये सुरू झालेले गूगल कोड २०१६ मध्ये बंद झाले. कोणावर रागावण्यासारखे त्यात नाही. फुकटचे घर कायमचे असते असे कोणी लिहून दिले नव्हते.

यावरचा उपाय म्हणजे स्वतःचे नाव. १९८३ पासून इंटरनेटवर नावांची एक वही चालत आली आहे. तीत अमुक नावाचे स्थळ सध्या अमुक घरी आहे अशी नोंद असते. वर्षाकाठी थोडे भाडे भरून त्या वहीत आपले नाव घेता येते. मग लोकांना द्यावयाचा पत्ता आपल्या नावाचा, आणि घर कोणाचेही. घर बदलले की वहीतली एक ओळ बदलावयाची. ही ओळ जगभर एकदम बदलत नाही, कारण ठिकठिकाणचे सर्व्हर जुनी नोंद काही काळ जवळ बाळगतात. किती काळ, ते त्या नोंदीतच सेकंदांत लिहिलेले असते. म्हणून हलविण्याच्या एक-दोन दिवस आधी तो आकडा कमी करावा, तीनशे सेकंद पुरे. नवे घर पूर्ण लावून, तपासून मग ओळ बदलावी. आणि जुने घर आठवडाभर तसेच चालू ठेवावे. पत्त्याशेजारचे कुलूप, म्हणजे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र, ही चांगली घरे स्वतःच मिळवून देतात. परंतु ओळ बदलल्यावर ते तयार होईपर्यंत थोडा अवधी जातो, तेवढ्यात घाबरून जाऊ नये.

येथे एक धोका मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना तो ठाऊक नसतो. घर सोडले आणि वहीतली ओळ मात्र जुन्या घराकडेच बोट दाखवीत राहिली, तर काही सेवांमध्ये तिऱ्हाईत माणूस ती मोकळी जागा घेऊन आपल्या नावाच्या पत्त्यावर वाटेल ते मांडू शकतो. पत्ता आपला, अब्रू आपली, आणि दुकान त्याचे. म्हणून आधी ओळ पुसावी, मग घर सोडावे.

२०१९ च्या पावसाळ्यात आम्ही नाव घेतले. सव्वीस ग्रंथालयांना नवे पत्ते छापून टपालाने पाठविले. कोकणातल्या त्या बाईंना दोन प्रती पाठविल्या. २०२२ मध्ये पुन्हा घर बदलावे लागले. यावेळी सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी आधीच काढून ठेवली होती, आणि नव्या घरी एकेक दार ठोठावून पाहिले. एकशे अठ्ठेचाळीसपैकी तीन उघडली नाहीत. दोन त्या मोठ्या-लहान अक्षरांची. तिसऱ्या पानाचा मथळा कोणीतरी सुधारला होता आणि त्याबरोबर पत्ताही बदलला होता. तेथे ३०१ ची एक ओळ घातली. पुढे काही कामासाठी बाईंशी बोलणे झाले तेव्हा मी स्थळ हलविल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, “कधी हलवलंत?”

नाव मात्र सुरुवातीला पुन्हा एकाच मित्राच्या खात्यावर घेतले होते. माणसाची खोड लवकर जात नाही. आता ते एका ग्रंथालयाच्या नावावर आहे, मुदत संपत आल्याची सूचना तिघांना जाते, आणि भाड्याची पावती त्या ग्रंथालयाच्या वीजबिलांच्या फाइलीत लावलेली असते.